एकाच दिवसाच्या दोन मंडया

दिवाळी सरली की झाडीपट्टीतल्या गावांना मंडया, म्हणजे एका दिवसाच्या जत्रा, लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची. लवकर पिकणारे हलके धान कापून खळ्यावर आलेले असतात, उशिराचे भारी धान अजून बांधीत, भाताच्या खाचरात, उभे असतात, आणि मधल्या त्या आठ-दहा दिवसांत माणूस माणसाकडे जातो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, सोयरे जेवायला येतात, लग्नाच्या पोरी पाहिल्या जातात, आणि दुपार झाली की चौकात दंडार, ढोलकीवरचं नाच-गाण्याचं लोकनाट्य, उभी राहते. कोणत्या गावची मंडई कोणत्या दिवशी, हे कुठेच लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना पाठ असतं.

अड्याळ या बाजारगावाच्या अलीकडे मोहपार आणि चिचबोडी ही दोन गावं. मधे मोठा तलाव. तलावाच्या पारीवरून, म्हणजे मातीच्या बंधाऱ्यावरून, आणि पुढे बांधाबांधाने पायी निघालं तर दोन कोस. मोहपारची मंडई भाऊबीजेनंतर पाचव्या दिवशी आणि चिचबोडीची सहाव्या दिवशी. पाचव्याला चिचबोडी मोहपारात जेवायची, सहाव्याला मोहपार चिचबोडीत. आज्या-पणज्यांपासून असंच.

सुंदरबाई मोहपारची लेक आणि चिचबोडीची सून. लग्न साट्यालोट्याचं. ती चिचबोडीच्या धनीरामला दिली आणि धनीरामची बहीण गोदावरी तिच्या भावाला, कृष्णरावला केली. एकाच मांडवात दोन्ही लग्नं लागली. त्यामुळे दोघी एकमेकींच्या नणंदा आणि दोघी एकमेकींच्या भावजया. चिडवायचं कोणी कोणाला, यावरच दोघी तासभर हसायच्या.

मग एकोणऐंशी साल आलं आणि जिल्हा परिषदेची निवडणूक आली.

तेव्हा दोन्ही गावांची ग्रामपंचायत एकच होती. धनीरामचा मोठा भाऊ यादोराव सरपंच, कृष्णराव उपसरपंच. दोघांनाही वाटलं की जिल्ह्याला जावं तर आपणच. दोघेही उभे राहिले. एकाची निशाणी सायकल, दुसऱ्याची कंदील. ज्या भिंतीवर सायकल काढली तिच्यावर रातोरात कंदील चढला. मतं फुटली आणि निवडून आला तिसराच. त्याची जीप मतदानाच्या दिवशी दोन्ही गावांनी पाहिली, त्यानंतर तिची धूळही पाहिली नाही. पण राग त्या जीपवर निघाला नाही. यादोराव म्हणाले, सोयऱ्यानं पाडलं. कृष्णरावही तेच म्हणाला.

वर्षभरात ग्रामपंचायत फुटली. दोन गावं, दोन सरपंच. रोजगार हमीतून मधला रस्ता मंजूर झाला होता. चिचबोडीने आपल्या शिवेपर्यंत मुरूम टाकला आणि हात झटकले. मोहपारने आपला अर्धा टाकलाच नाही. नाल्यावर व्हायचा रपटा, म्हणजे बुटका पूल, कोणाच्या हद्दीत, यावर कागद हिंडत राहिले आणि नाला तसाच वाहत राहिला. गाडीबैलाला आता मोठ्या रस्त्याने फेरा घेऊन चार कोस जावं लागे. राशनचं दुकान मोहपारला राहिलं, दवाखाना चिचबोडीला. साखरेसाठी इकडची माणसं चोरासारखी तिकडे जात आणि सुईसाठी तिकडची इकडे येत.

आणि नव्या पंचायतीचा यादोरावांनी घेतलेला पहिला ठराव ना पाण्याचा होता, ना रस्त्याचा. चिचबोडीची मंडई यापुढे पाचव्या दिवशी भरेल, असा तो ठराव होता. मोहपारला कोणी जेवायला जाऊ नये म्हणून.

बायांना कोणी विचारलं नव्हतं. ज्यांचं माहेर तिकडे त्यांना तर नाहीच नाही. आपल्या गावची मंडई म्हणजे आपल्या चुलीला पन्नास पाहुणे. तो दिवस सोडून माहेरी जाईल अशी सून अजून जन्मायची होती.

एका वर्षी दोन्ही सरपंचांना थोडी लाज वाटली होती. त्र्याऐंशीची गोष्ट. यादोरावांनी मनातल्या मनात माघार घेतली आणि मंडई पुन्हा सहाव्या दिवशी ठेवली. तिकडे कृष्णरावनेही माघार घेतली आणि आपली मंडई सहाव्याच दिवशी नेली. एकमेकांना निरोप कोण धाडणार? मंडया पुन्हा एकाच दिवशी आल्या. दोघांचीही खात्री पटली की समोरचा मुद्दाम करतो. पुढच्या वर्षी दोघेही पाचव्या दिवसावर परत आले आणि तिथेच गाडले गेले.

सात वर्षं झाली. सुंदरबाई या सात वर्षांत माहेरी गेलीच नाही असं नाही. एका मयतीला गेली, एका लग्नाला गेली. बापाला पाहिलं. पण बापाचं गाणं ऐकलं नाही.

तिचा बाप वासुदेवराव मोहपारच्या दंडारीचा शाहीर. शेतकरी माणूस. वर्षभर तो औताचा आणि खळ्याचा, घरी साधं गुणगुणतही नसे. पोरं मागे लागली तर म्हणे, "मंडईले या." गाणं त्याने एका दिवसासाठी राखलेलं असे. त्या दिवशी डोक्याला फेटा, कानात अत्तराचा फाया, आणि ढोलकीवर थाप पडली की असा आवाज निघे की तलावावरची बदकं उठावीत. लहानपणी सुंदरा बायांच्या पहिल्या ओळीत बसायची. बाप गाता गाता एकदा तिच्याकडे पाहायचा. वर्षाकाठी तेवढं एक पाहणं. त्याच्यावर तिचं वर्ष निघायचं.

अड्याळच्या बाजारात मात्र राजकारण पोचत नव्हतं. तिथे कांद्याच्या ढिगापाशी नणंद-भावजया दर आठवड्याला भेटत. शहाऐंशीच्या दिवाळीआधीच्या बाजारी गोदावरीचा चेहरा उतरलेला होता.

"काय वो, भावानं मारलं का माह्या?" सुंदरबाईने विचारलं.

"तुह्या भावाचा हात सभेच्या मायकावरच चालते. थे नाई. मामाजीचं सांगतो." गोदावरी सासऱ्याला मामाजी म्हणे. "डोळ्यात सारा ढग उतरला. मानसाचं तोंड दिसत नाई, नुसते रंग दिसते. दमई पुरत नाई. परवा म्हणे, या सालची दंडार शेवटची. पुढच्या साली फेटा बांधाचा नाई."

सुंदरबाईच्या हातातला कांदा हातातच राहिला.

"मंग म्हणे," गोदावरी हळू बोलली, "सुंदरा नाई येत का?"

"तू काय सांगतलं?"

"काय सांगू? तू येत नाईस हे का त्याइले माहीत नाई?"

"कशी येऊ सांग. सरपंचाच्या घरची सून मी. पाहुने आले अन् चुलीपाशी मी नाई, तं भासरे पंचायत बसवतीन." भासरे म्हणजे थोरले दीर, यादोराव.

"मीई सरपंचाचीच बायको हो," गोदावरी म्हणाली. "मलेबी माहेर आहे. माह्या माहेरी तू बसली आहेस, इतकंच." आणि कांद्याची पिशवी उचलून ती गर्दीत गेली.

धनीराम बैलांशी जितकं बोलायचा तितकंही माणसांशी बोलत नसे. सुंदरबाईने रात्री विषय काढला तेव्हा तो छताकडे पाहत म्हणाला, "दादाले इचार." दादाला विचारण्यापेक्षा तलावाला विचारलेलं बरं, हे दोघांनाही माहीत होतं.

मंडईचा दिवस उजाडला. अंगण सारवलेलं, दारी रांगोळी, मोठ्या जर्मनच्या गंजात डाळ. सुंदरबाईने पहाटेपासून पातोड्या थापल्या, वडे तळले, तांदूळ धुऊन निथळत ठेवले. हात चालत होते. ऊन अंगणातल्या तुळशीपर्यंत आलं तेव्हा हात थांबले.

"बाई," ती जावेला म्हणाली. जाऊ म्हणजे रुखमिणी, यादोरावांची बायको. जिभेला धार असलेली. "मी जाऊन राहिली."

"कुठं? पान्याले?"

"मोहपारले. बाबाचं गानं आयकाले."

रुखमिणीने झारा कढईत ठेवला. "आज? येडी झाली का वो? पन्नास मानसं येऊन राहिले अन् हे चालली गानं आयकाले! माह्या बापानं मले कधी हाकबी मारली नाई, अन् हिचा बाप गाते म्हणते."

"पंगत दोनदा वाढा. तिसऱ्या पंगतीले मी येतो."

"अन् भासऱ्याले काय सांगू?"

"सांगा, मोहाखाली परसाकडे गेली."

"चार घंटे?" रुखमिणी म्हणाली. पण झारा परत उचलला आणि कढईकडे पाहतच बोलली, "जाशील तं मांगच्या दारानं जा. समोर थे बसले आहेत."

सुंदरबाई निघाली. हळदीच्या रंगाचं लुगडं, पायात चपला, त्याही पारीवर आल्यावर हातात घेतल्या. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पिवळे पडत आलेले भारी धान. ती पळत नव्हती, पण चालतही नव्हती. सात वर्षांचं साचलेलं चालणं तिच्या पायांत होतं. मनात ती जागा शोधत होती: पहिली ओळ, चिंचेच्या बाजूने, जिथून बापाला तोंड नाही दिसलं तरी रंग दिसेल.

मोहपारच्या चौकात मांडव होता, माणसं होती, खेळण्यांची आणि जिलेबीची दुकानं होती. ढोलकीवाला ढोलकी मांडीवर घेऊन बिडी ओढत बसला होता.

घरी कृष्णराव अंगणात उभा. पांढरी टोपी घामाने भिजलेली. चुलीवर डाळ उतू जात होती आणि तो तिच्यावर हाताने पाणी शिंपडत होता.

"बाई, तू? कोनासंगं आली?"

"पायानं आली. बाबा कुठं आहेत?"

कृष्णरावला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं.

"तुह्याच गावाले गेले."

"काय?"

"सकाळीच गोदावरीनं बैलाची रेंगी जुपाले लावली. मले वाटलं, दवाखान्यात नेऊन राहिली बाबाले. रेंगी शिवेबाहीर गेल्यावर ढोलकीवाला सांगते, शाहीर चिचबोडीच्या मंडईले गेले! लेकीच्या दारी गातो म्हणते. सरपंचाचा बाप, सरपंचाची बायको, अन् यादोरावाच्या मंडईत! लोकं तोंडावर हासून राहिले मले."

सुंदरबाई ओट्यावर बसली. रेंगी मोठ्या रस्त्याने फेरा घेऊन गेली असणार, चार कोस. ती पारीवरून आली, दोन कोस. मधला रस्ता असता तर दोघी कुठेतरी समोरासमोर आल्या असत्या. नाल्याच्या रपट्यावर बापाचा हात तिने धरला असता.

"तुले वाईट वाटते, मंग तू काहून नाई गेला संगं?"

"मी? यादोरावाच्या दारात?" कृष्णराव म्हणाला. "जाऊ दे. आता आली तशी देवासारखी आलीस. हे डाळ पाय आधी. पंगत बसली आहे अन् घरात एक बाई नाई."

सवयीने ती उठली. सवयीनेच हात धुतले, पदर खोचला, पळी घेतली. आपल्याच माहेरी गोदावरीच्या जागी उभी राहून पहिल्या पाच-सहा ताटांत डाळ वाढली. पाहुणे म्हणत होते, "घाला जी, घाला." तेवढ्यात चौकातून ढोलकी वाजली. शाहिराच्या जागी कोणीतरी जवान पोरगा उभा केला होता. त्याने आवाज काढला. सूर वर गेला आणि तिथेच कुठेतरी लटकून राहिला.

सुंदरबाई थांबली. कृष्णरावकडे गेली आणि पळी त्याच्या हातात दिली.

"हे काय?"

"पळी आहे."

"मी वाढू? सरपंच मानूस?"

"दिवस तुमी दोघाईनं धरून ठेवला, दादा. मंग पाहुनेई तुमीच धरा."

पंगतीतला एक म्हातारा तोंडात घास असतानाच हसला. "वाढा जी सरपंच! निवडनुकीत हात जोडत होते, आता हात चालवा थोडे."

पंगत हसली. कृष्णरावही काय करणार? वाकला आणि वाढू लागला. सुंदरबाई तोपर्यंत दाराबाहेर होती.

येताना पाय होते तसे जाताना नव्हते. ऊन कललं होतं. पारीच्या मध्यावर आली तेव्हा पाण्यावरून ढोलकी ऐकू आली. मागून नाही, पुढून. तिच्या सासरहून. मग आवाज. तोच. पातळ झालेला, मधे तुटणारा, पण तोच. ती धावली. वारा आडवा होता. सूर येत होता आणि शब्द पाण्यात पडत होते. एक हेल वर चढला, थरथरला, थांबला. मग माणसांचा गलका उठला, शिट्ट्या, टाळ्या, आणि ढोलकी बंद झाली.

ती धावायची थांबली. आता धावून काही उपयोग नव्हता.

घरी पोचली तेव्हा रेंगी दारात जुपलेली होती. फेऱ्याचा रस्ता, अंधाराआधी पोचायचं होतं. तणसावर घोंगडी टाकून वासुदेवराव बसला होता, फेटा अजून डोक्यावर. बैलाची वेसण धरून यादोराव स्वतः उभे. त्यांनी भावजयीकडे पाहिलं, तिच्या धुळीने भरलेल्या पायांकडे पाहिलं, आणि मान दुसरीकडे वळवली.

गोदावरी पुढे आली. तिच्या कानाशी लागून भरभर बोलली, "आल्या आल्या तुलेच इचारलं त्याइनं. मी सांगतलं, बायाईत बसली आहे समोर. काय करू? तू तिकडे गेली म्हटलं असतं तं तसेच उलट पायी निघाले असते. तुह्या भासऱ्यानं हात धरून चौकात नेलं हो. सारं गाव पाहत होतं."

सुंदरबाई रेंगीपाशी गेली. बापाच्या पायाला हात लावला. हाताच्या स्पर्शावरूनच त्याने ओळखलं.

"आयकलं ना वो माय?"

सुंदरबाईने पायावरचा हात तसाच ठेवला.

"आयकलं, बाबा."

"समोरच होती तू. हिरवं लुगडं नेसून. तोंड नाई दिसत मले आता, पन रंग दिसते. त्या हिरव्याकडे पाहून म्हटलं सारं."

तिने आपल्या हळदीच्या पदराकडे पाहिलं आणि तो मुठीत धरला.

"होय बाबा. समोरच होती."

"कसं झालं?"

"लय चांगलं झालं."

"शेवटचं कडवं तुह्यासाठी नवीन बांधलं होतं. ध्यानात ठेव बरं. मले पुन्हा म्हनता येत नाई. दम सरला." म्हातारा हसला. पोट भरलेल्या माणसासारखा त्याचा चेहरा शांत होता. "म्हनालो होतो ना, लेकीच्या दारी गाईन. झालं."

म्हण, बाबा, एकदा म्हण, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर हिरवं लुगडं गेलं असतं, समोरची जागा गेली असती, बापाच्या चेहऱ्यावरचं ते सगळं गेलं असतं. "ठेवीन, बाबा," ती म्हणाली.

यादोरावांनी वेसण सोडली. रेंगी मुरमाच्या रस्त्याने निघाली आणि नाल्यापाशी वळून मोठ्या रस्त्याकडे गेली.

आत चुलीपाशी रुखमिणी भांडी गोळा करत होती. हिरवं लुगडं तिनेच नेसलेलं होतं.

"तू नव्हती," ती वर न पाहता म्हणाली. "गोदावरीनं मले ओढून पुढं बसवलं. म्हने, वैनी, तुमी बसा, त्याइले रंगच दिसते." तिने राखेने गंज घासायला घेतला. "माह्याकडेच पाहत होता बुढा. माय म्हने, लेक म्हने. मले कोनी असं नाई म्हटलं, बाई, कधीच."

"काय म्हटलं, सांगा ना."

रुखमिणीने हात थांबवला. आठवून, चाल न लावता, एकेक शब्द ठेवत म्हणाली,

"पार बांधला पान्याले, पानी राहेना उगी,
लेक देली दोन कोस, वाट शंभर जुगी."

"पुढं?"

"पुढचं रडन्यात गेलं," रुखमिणी म्हणाली.

दोन दिवसांनी यादोराव धनीरामला म्हणाले, "मोहपारले कोनाले तरी धाडा लागते. पुढच्या साली त्याइचा दिवस कोनता, थो आधी इचारून ठेवा लागते." धनीराम हो म्हणाला. कोणाला धाडायचं हे मात्र ठरलं नाही आणि पुढचे काही दिवस कोणी गेलंही नाही. दोन्ही घरची माणसं भारी धानाच्या कापणीला लागली होती.

सुंदरबाईने गाणं गोळा करायला घेतलं. विहिरीवर विचारलं, दवाखान्याच्या ओट्यावर विचारलं, बांधीत ओळीला लागलेल्या बायांना विचारलं. तिसरी ओळ शकुनबाईकडे मिळाली. ती मंडईत मागे उभी होती, पोर कडेवर घेऊन.

"धान भरलं दान्यानं, लोंबी वाकली खाली..."

"अन् त्याच्या मांगची?"

"थे कोनाले आठवते?" शकुनबाई म्हणाली. पण मग सगळ्याच बायांना काहीबाही आठवू लागलं. एक म्हणाली, लेक भरल्या घरची, मान वर ना केली. दुसरी म्हणाली, नाही, असं होतं: माही लोंबी कोन्या शेती, कोनाच्या खळी गेली. तिसरी म्हणाली, दोन्ही नाही, त्याने तिथे नुसताच हेल घेतला होता, शब्दच नव्हते. यावरून दोघी भांडल्या, विळे हातात घेऊन भांडल्या आणि हसल्या.

सुंदरबाई खाली वाकली. मूठभर धान डाव्या हातात धरले, विळा लावला. पहिल्या तीन ओळी तिने बापाच्या चालीत म्हटल्या. चौथ्या ओळीपाशी येऊन थांबली. बाया वाट पाहत राहिल्या. तिने ना हिची ओळ घेतली ना तिची. पारीवर वाऱ्यात ऐकलेला तो हेल तेवढा तिने घेतला, वर नेला, जिथे तुटला होता तिथे सोडला, आणि पुढचे धान धरले.